होडी कोणाच्या नावावर?

बेटेगावातून समुद्र दिसत नाही. बोईसर स्थानकाच्या पूर्वेला, चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. कारखान्यांच्या पाळ्या, भाड्याच्या खोल्या आणि उरलीसुरली भातशेती हे इथले रोजचे जग. नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे, सातपाटी ही मच्छीमारांची गावे इथून बरीच पश्चिमेला, तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या आजूबाजूच्या आणि त्याखालच्या किनाऱ्यावर. तरी या दोन पट्ट्यांचे एकमेकांशी रोजचे देणेघेणे आहे. बोईसरच्या बाजारात उतरणारी मासळी तिकडून येते आणि तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नळातून नवापूरजवळच्या समुद्राकडे जाते. बाजारात मांदेलीचा किंवा बोंबलाचा वाटा घेताना गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करते, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे लाटांत जाळे ओढणारा पुरुष असतो. ते कष्ट खरेच आहेत. पण होडी समुद्रात जाण्याजोगी राहावी म्हणून वर्षभर जे काम चालते, त्यातले बरेचसे जमिनीवर होते. काही अंगणात, काही चुलीजवळ, काही ग्रामपंचायतीच्या कचेरीत. माझे म्हणणे असे की पालघरच्या किनाऱ्यावर घरकाम, होडीची डागडुजी आणि गावचे राजकारण ही तीन वेगळी कामे नाहीत. ते एकच काम आहे. सरकार, मच्छीमारांची सोसायटी आणि खुद्द गावही त्याचे तीन तुकडे करते, त्यातल्या एकाच तुकड्याला धंदा म्हणते, आणि त्यामुळे हा धंदा कशावर उभा आहे ते कागदावर कुठेच उमटत नाही.

यासाठी पावसाळ्याचे दोन महिने नीट पाहायला हवेत. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा हंगाम, आणि समुद्रही खवळलेला. बिनयांत्रिक होड्यांना सूट आहे, पण या पट्ट्यात मोठा धंदा यांत्रिक नौकांचाच. मे महिन्याच्या शेवटी उधाणाची भरती साधून नौका जितकी वर घेता येईल तितकी घेतात. मग तिच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बांबूचा सांगाडा उभारून वर ताडपत्री किंवा झावळ्या टाकून ती शाकारतात. उन्हात फार दिवस कोरडी राहिली तर लाकूड आटून फळ्यांच्या फटी उघडतात, आणि पावसाचे पाणी आत साचले तर ती आतून कुजते, म्हणून हे छप्पर दोन्ही बाजूंनी राखण करते. इंजिन खोलून मेकॅनिककडे जाते. पंखा आणि शाफ्ट तपासला जातो. तळावर चिकटलेला शेवाळाचा आणि शिंपल्यांचा थर खरवडून काढावा लागतो, कारण तो तसाच राहिला तर नौका जड होते आणि डिझेल जास्त खाते. त्यानंतरचे काम सर्वांत किचकट. दोन फळ्यांच्या मधला जुना, कुजका कापूस आकड्याने ओढून काढायचा, नव्या कापसाचा पीळ करून तो बोथट छिन्नीने इंचाइंचाने ठोकत फटीत बसवायचा आणि वरून लुकण भरायचे. लाकूड पोखरणारा समुद्री किडा आत शिरतो तेव्हा त्याचे भोक टाचणीएवढेच असते. आतून मात्र फळी पोकळ होत गेलेली असते. जाणता सुतार हातोडीने फळीवर हलके ठोकत जातो आणि आवाज जिथे बदलतो तिथे खडूने खूण करतो. एवढी एक फळी वेळेवर बदलली नाही तर भर समुद्रात सगळ्यांच्या जिवावर बेतते.

हे काम पुरुषांचे आणि सुतारांचे दिसते, आणि हातांपुरते पाहिले तर ते तसेच आहे. पण त्याला पैसे कुठून येतात हे विचारले की चित्र बदलते. जून उजाडतो तेव्हा मासळीचे उत्पन्न थांबलेले असते आणि खर्च मात्र सगळे एकदम दारात उभे राहतात: मुलांची शाळा, घराचे छप्पर, किराणा, आणि नौकेचे लाकूड, कापूस, रंग, इंजिनाचे सुटे भाग. या काळात घर चालते ते सुक्या मासळीवर. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत बायका बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगतात, खळ्यात जवळा आणि मांदेली पसरतात, ढग आले की धावत जाऊन गोळा करतात, निवडतात, भरतात. पावसाळ्याच्या बेगमीसाठी गिऱ्हाईक तीच मासळी नेते आणि त्या पैशांतून घरही चालते, नौकेची डागडुजीही होते. ते पुरले नाही तर दागिना गहाण पडतो किंवा बचत गटाचे कर्ज निघते. तेही भागले नाही तर मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते. इथे थोडे थांबायला हवे, कारण सारे पेच इथेच पडतात. उचल घेतलेल्याला हंगामाची मासळी त्याच व्यापाऱ्याला द्यावी लागते, आणि भाव करताना व्यापाऱ्याचा हात वर राहतो. म्हणजे जूनमध्ये इंजिनासाठी रक्कम कशी उभी केली यावर सप्टेंबरच्या पापलेटचा भाव ठरतो. सुकी मासळी नीट सुकली, भिजली नाही, वेळेवर विकली गेली, तर उचल घ्यावी लागत नाही. होडीचे स्वातंत्र्य खळ्यात ठरते.

जाळ्यांची गोष्टही अशीच आहे. नायलॉन येण्याआधी जाळी ताग-कापसाच्या सुताची असत. सूत घरात काढले जाई, जाळे विणले जाई आणि ते कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात पुनःपुन्हा उकळावे लागे. हे सारे अंगणातले काम, घरातल्या सगळ्यांचे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन रुळले आणि सूत काढण्याचे काम संपले. त्यातून वाचलेला बायकांचा वेळ विश्रांतीत गेला असे मात्र झाले नाही. यांत्रिक नौका लांब जाऊ लागल्या, मासळी वाढली, ती विकायला दूरच्या बाजारात जावे लागले, लोकल गाठावी लागली. देशभराची आकडेवारी काय सांगते? २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरची बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. किनाऱ्यावरच्या घरात या मिनिटांची विभागणी करणे फार अवघड आहे. वलांडीवरचे बोंबील उलटताना बाई मुलावर नजर ठेवून असते, खलाशांसाठी भाकऱ्या थापत असते, बर्फाच्या पैशांचा हिशोब डोक्यात चालू असतो. यातले घरकाम कोणते आणि धंदा कोणता?

आता राजकारण. शहरी वाचकाला राजकारण म्हटले की पक्ष आणि निवडणुका आठवतात. सातपाटीत किंवा मुरब्यात राजकारणाचा पहिला अर्थ खाडीचा गाळ हाच आहे. या दोन गावांच्या मधल्या खाडीत गाळ साचल्याने नौकांना आतबाहेर करण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. तळ घासला की लाकूड झिजते, पंखा अडकला की शाफ्ट वाकतो. गाळ काढण्याचा ठराव, त्याचा पाठपुरावा, जेटीची मागणी, निविदा, पुढाऱ्यांच्या भेटी हे सारे राजकारण, आणि तेच नौकेच्या डागडुजीचेही काम. तळ सुताराने दुरुस्त करायचा आणि तळ घासणारा गाळ ग्रामपंचायतीने सरकारकडून काढून घ्यायचा. दोन्ही कामे एकाच नुकसानीवर चालू असतात. डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो आणि तो थकला की घरातले चक्र अडते. सातपाटीत मच्छीमारांच्या दोन मोठ्या सहकारी संस्था आहेत. बर्फ, डिझेल, विक्री, कर्ज यांचे व्यवहार त्यांच्यातून होतात, त्यामुळे संस्थेची निवडणूक हा कोणत्याही घराला थेट लागू पडणारा विषय असतो.

सांडपाण्याचा लढा याच धाग्यातला. तारापूर वसाहतीच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने उद्योगांवर पर्यावरण भरपाईचा मोठा बोजा टाकणारा निकाल दिला. नंतर प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. मच्छीमारांच्या एका जातसंस्थेने कागदपत्रे जमवत, वकील लावत वर्षानुवर्षे एक खटला चालवला, यात या किनाऱ्याच्या राजकारणाची ताकद दिसते. वाढवण बंदराविरुद्धचा लढा याहून जुना आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली, १९९८ मध्ये तिथल्या बंदराचा प्रस्ताव नाकारला. पुढे त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी नव्या प्रस्तावाला संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. या सगळ्या वर्षांत मोर्चांना आणि सभांना बायका मोठ्या संख्येने येत राहिल्या. त्यांना तिथे यायला मोकळा वेळ होता म्हणून नव्हे. खळे, बाजार आणि चूल ज्या मासळीवर चालते तिचा प्रश्न होता म्हणून त्या आल्या.

पण मोर्चात दिसणारी ही बाई ठरावाच्या वहीत तितकीशी दिसत नाही. याचे एक साधे कारण दिनदर्शिकेत आहे. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्यात, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा व्हावी. प्रथेने ग्रामसभा भरतात त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. बेटेगावसारख्या गावाला या तारखा सोयीच्या, कारण सुटी असते. किनाऱ्यावर मात्र १ मे म्हणजे बंदीआधीची धावपळ: सुकवणीचा शेवटचा कडक उन्हाचा काळ, सुक्या मासळीची विक्री, बेगमी. १५ ऑगस्ट तर हंगाम सुरू होण्याच्या ऐन तोंडावर किंवा सुरू झाल्यावर लगेच. प्रथेने हंगाम नारळी पौर्णिमेने उघडतो आणि २०२४ मध्ये ती १९ ऑगस्टला होती, म्हणजे ग्रामसभेच्या दिवशी गावात जाळी भरणे, बर्फ, डिझेल, शिधा यांची घाई. २ ऑक्टोबर पापलेटच्या भर हंगामात. समुद्राचे घड्याळ तारखांवर चालत नाही, तिथींवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, त्या ओढीवर डोल जाळी भरतात. अष्टमीच्या आसपास भांग, प्रवाह मंद, तेव्हा जाळी किनाऱ्यावर येतात आणि माणसे थोडी मोकळी असतात. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीने ठरलेल्या चार सभांखेरीज एखादी जादा सभा भांगाच्या अष्टमीला, दुपारच्या विक्रीनंतर बोलावली तर कायदा आडवा येत नाही. गाळ, जेटी, भरपाई असे विषय त्या सभेत घ्यावेत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पंचायतीत स्त्रियांना आरक्षण आहेच. आहे: ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा. त्याने फरक पडला आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण सदस्य होणे आणि सभेला येता येणे यांत अंतर आहे. सरपंच बाई स्वतःच पहाटे बाजारात आणि दुपारी खळ्यात असेल, तर तिच्या जागी कागद घेऊन पंचायत समितीत जाणारा माणूस तिचा नवरा असतो, आणि पुढे त्यालाच लोक सरपंच समजू लागतात. दोष तिच्या कुवतीत नाही. पद मिळाले तरी घरकामाचे ओझे तसूभरही हलले नाही, ही अडचण आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. डागडुजी आता पूर्वीसारखी घरची राहिली नाही, असे म्हणतात. फायबरच्या नौका आल्या, सुतार मजुरीवर येतात, मेकॅनिक बोलवावा लागतो, खलाशीही बाहेरगावचे असतात. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण फायबरलाही तडे जातात, इंजिनाची दुरुस्ती तर महागच होत गेली, आणि हातांची जागा पैशाने घेतली की तो पैसा उभा करण्याचे काम वाढते. काम घरातून गेले नाही, हातांतून हिशोबात गेले. बाहेरच्या खलाशांची जेवणे, आगाऊ रकमा, आजारपणे हा हिशोब कोण ठेवते, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही घरात विचारून पाहावे. डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांतले तरुण गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात आणि कधी कधी सागरी हद्दीच्या वादात पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात. तेव्हा मागे त्यांच्या बायका कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत असतात. त्यांच्या नावावर ना नौका असते ना परवाना, आणि डागडुजीच्या या हिशोबात त्यांची गणनाच होत नाही.

तिसरा आक्षेप मच्छीमारांच्या घरांतूनच येईल. समुद्रातला धोका पुरुष घेतो, बुडाला तर तो बुडतो, मग नौकेच्या नोंदणीवर नाव त्याचेच असावे. या म्हणण्यामागे खरी भीती आणि खरा अभिमान आहे, त्याचा मान राखूनच उत्तर द्यायला हवे. धोका तो घेतो हे मान्य. पण तो बुडाला तर नौकेचे कर्ज कोण फेडते? नाव नसलेल्या बाईला त्या दिवशी नोंदणी, परवाना, सोसायटीचे सभासदत्व, डिझेलचा कोटा, थकलेला परतावा, विमा या सगळ्या दारांतून वारस म्हणून एकेक दाखला घेऊन जावे लागते, आणि तोवर नौका किनाऱ्यावर कोरडी पडून फुटत असते. कारण ही सगळी दारे नोंदणीच्या एकाच नावाने उघडतात. धोका जितका मोठा, तितके नोंदणीवर दुसरे नाव असणे निकडीचे.

हे अशक्य नाही, कारण महाराष्ट्राने शेतीत असे करून पाहिले आहे. १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनातून पुढे शेतकरी संघटनेची लक्ष्मी मुक्ती मोहीम उभी राहिली. शेतकऱ्यांनी जमिनीत पत्नीला वाटा द्यावा, असा तिचा आग्रह होता, आणि १९९२ मध्ये शासनाने सातबाऱ्यावर पतीसोबत पत्नीचे नाव लावण्याचा निर्णय काढला. सगळीकडे अंमल झाला नाही, हे खरे. पण मार्ग तयार झाला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, शेतकऱ्यांसारख्या वीज, कर्ज आणि विम्याच्या सवलती मच्छीमारांना मिळाव्यात म्हणून. सवलती शेतीसारख्या येणार असतील तर सातबाऱ्यावरच्या दुसऱ्या नावाची रीतही नौकेच्या नोंदणीत यायला हवी. भावाभावांची भागीदारी असते, वाटे असतात, वाद होतील, असे म्हणतात. वाद आजही होतात, फक्त ते तोंडी असतात. वाट्याची लेखी नोंद झाली तर उलट त्यांना काही आधार मिळेल.

वाढवणमुळे हा प्रश्न आता लांबणीवर टाकता येणार नाही. समुद्रात भराव घालून सुमारे १४४८ हेक्टर जागा तयार करायची आहे, आणि मासेमारीवर परिणाम झालेल्यांना भरपाई द्यायची म्हटली की आधी याद्या कराव्या लागतात. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि ८१ हजारांहून अधिक मच्छीमार कुटुंबे मोजली गेली, म्हणजे कुटुंब हे एकक मोजणीला अवघड नाही. त्याच गणनेत विक्री, जाळे तुणणे, सुकवणे ही कामे करणाऱ्या बायकांची नोंदही आहे. भरपाईची यादी मात्र नौका आणि परवाना यांवरून करायची, असा आग्रह धरला तर ती यादी सोपी होईल आणि चुकीची होईल. बोंबील सुकवणारी, पाटी घेऊन बोईसरला येणारी, नौकेच्या कापसाचे पैसे देणारी बाई त्या यादीत कोणत्या रकान्यात बसते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आताच ठराव करून लिहून द्यावे. आणि तो ठराव ज्या सभेत होईल तिची तारीख भांग पाहून ठरवावी.